एकाच वाघोबापुढे

जंगलाच्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगडी वाघ आहे. गावकरी त्याला वाघोबा म्हणतात. सफारीत खरा वाघ दिसेना, म्हणून मी गळ्यातल्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यासकट त्याच्यापुढे हात जोडले.

"घरच्या देवापुढे कधी एवढा वाकला नाहीस," बायको म्हणाली.

शेजारी एक बाई नारळ फोडत होती. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत तिनं विचारलं, "काय मागतलं, भाऊ?"

"वाघ दिसू दे म्हटलं. तुम्ही?"

"दिसू नको म्हनलं. उद्या पोरीसंग मोहफुलं वेचाले जायचं हाय."

खोबरं माझ्या तोंडात तसंच राहिलं. मी जीपमध्ये बसून त्याची वाट बघणार, आणि ती खाली वाकून फुलं वेचताना सारखी मागं वळून बघणार. देवानं तरी कुणाचं ऐकावं?

दुसऱ्या दिवशीही वाघ दिसला नाही. परतताना मात्र त्या मायलेकी दिसल्या, डोक्यावर भरल्या टोपल्या घेऊन गप्पा मारत चाललेल्या.

घरी पाहुणे वाघाचा फोटो मागतात, तेव्हा मी शेंदरी वाघोबाचा दाखवतो.

"म्हणजे दिसलाच नाही?"

"नाही दिसला," मी सांगतो, आणि सांगताना मला बरं वाटतं.