मिस झेल्माचं छप्पर

लिटल बे गावातल्या बायका दोरीवरचे कपडे काढायच्या ते आभाळाकडे बघून नव्हे, मिस झेल्माच्या छपराकडे बघून.

झेल्माच्या घरामागच्या चढावर, गावभरातून दिसेल असा, कोको वाळवायचा फळ्यांचा ओटा होता आणि त्यावर रुळांवरून मागेपुढे सरकणारं पत्र्याचं छप्पर. ऊन असलं की छप्पर मागे आणि ओट्यावर कोकोच्या बिया. झेल्माने छपराला खांदा लावला, चाकं करकरली, की पाठोपाठ गावभर चादरी उतरायच्या, बॅप्टिस्ट देवळाच्या खिडक्या लागायच्या आणि क्रिकेट खेळणारे म्हातारे स्टंप उपटून काखेत मारायचे. मग पाऊण-एक तासाने समुद्रावरून पाऊस यायचा. लिमोन प्रांतातल्या पावसाला ऋतूबितू काही नसतो. तो कधी येणार हे सरकारी रेडिओला कळत नसे, झेल्माच्या नाकाला कळत असे. धुतलेला लोखंडी तवा न पुसता ठेवला की जसा वास येतो तसा वास आधी येतो, असं ती सांगायची.

छपराची चार चाकं तिच्या वडिलांनी आणलेली. ते जमैकाहून रेल्वेच्या कामाला आले आणि केळ्यांच्या कंपनीत राहिले. झेल्मा सहा वर्षांची असताना केळीला रोग लागला आणि कंपनी गाशा गुंडाळून पॅसिफिकच्या किनाऱ्याला गेली. काळ्या माणसांनी तिकडे कामाला यायचं नाही, हे कायद्याने ठरवून गेली. जंगलात सोडून दिलेल्या रुळांच्या फाट्यावर खेचरांनी ओढायची एक ट्रॉली पडली होती. वडिलांनी तिची चाकं काढली आणि दोन खेपांत डोक्यावरून घरी आणली. कंपनीने आपल्याला एवढंच दिलं, आणि तेही तिला माहीत नाही, असं ते मरेपर्यंत हसत सांगत.

त्या छपराखाली झेल्माचं सगळं आयुष्य गेलं. बिया पायांनी खालीवर करत ती तिथेच नाचली, तिथेच एग्बर्टशी तिचं लग्न लागलं, आणि मधेच पाऊस आल्यावर वऱ्हाडावरून छप्पर ओढून घेण्यात आलं. मार्लीन झाली तीही घाईघाईत तिथेच, बियांच्या पोत्यांवर. मार्लीन मोठी होऊन राजधानीत शिक्षिका झाली, त्यानंतर कोकोच्या शेंगांवर पांढरी भुकटी धरली. दोन वर्षांत बागा गेल्या. लोकांनी झाडं तोडली, नव्या रस्त्याने आलेल्या पाहुण्यांना जमिनी विकल्या. एग्बर्ट लिमोनच्या धक्क्यावर माल उतरवायला गेला आणि तिकडेच वारला. झेल्माने छप्पर मोडलं नाही. ओट्यावर खोबरं वाळवलं, मासे वाळवले, रविवारच्या शाळेच्या पताकासुद्धा वाळवल्या. पुढे एका भूकंपात समुद्राचा तळ वर आला, प्रवाळ उघडं पडलं आणि एक रूळ वाकला. समोरच्या कथबर्टने तो ठोकून सरळ केला. तेव्हापासून छप्पर त्या जागी एक उचकी द्यायचं, एवढंच. आणि आता भुकटीला दाद न देणारी नवी कलमं आली होती. तिसऱ्या वर्षी ओटा पहिल्यांदा कडेपर्यंत भरला होता.

एकच गोष्ट गावाला माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी झेल्माला तीन आठवडे सर्दी झाली आणि सर्दीबरोबर तिचं नाकही गेलं. आलं कळेना, मासा कळेना, पाऊस तर नाहीच. चार दिवस ती घाबरून बसली. पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की समोरची व्हर्ना, कथबर्टची बायको, न चुकता पावसाच्या आधी दोरीवरचा पेटीकोट काढते. व्हर्नालाही नाक आहे तर, झेल्माला वाटलं. तेव्हापासून ती खिडकीत शेंगा सोलत बसायची आणि व्हर्नाचा पेटीकोट उतरला की शांतपणे उठून छपराला खांदा लावायची. बाकीचं गाव छपराकडे बघायचं.

ऑक्टोबरमध्ये मार्लीन आली. येताना परतीची दोन तिकिटं काढून आली होती. पहिल्याच रविवारी चुलीवर, म्हणजे गॅसवर, नारळाच्या दुधातला राजमा-भात होता. झेल्मा शेजारी बसून केळ्याचं सारण कालवत होती. मार्लीन समुद्रावरून धावत आली, तोवर भाताचा तळ कोळसा झाला होता.

"ममा, तुला वास आला नाही?"

"आला की. खरपूस आवडतो मला."

दुसऱ्या दिवसापासून मार्लीनने परीक्षा सुरू केली. आईच्या नाकाखाली कधी जायफळ, कधी रॉकेलचा बोळा, कधी स्वतःचा परीक्षेच्या पेपरांसारखा गंभीर चेहरा. बुधवारी तिने सरळच सांगितलं. वास न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईने गॅसच्या सिलिंडरसोबत एकटं राहायचं नाही. रविवारच्या बसने राजधानीत चलायचं. तिथे बाथरूमला फरशी आहे, खिडकीतून डोंगर दिसतो.

"डोंगर काय वाळवायचा आहे मला?" झेल्मा म्हणाली. मग तिने हुकमाचं पान टाकलं. नाक गेलं असतं तर छप्पर कसं सरकलं असतं? दोन वर्षांत माझी एक तरी बी भिजली का, गावात विचारून ये. भिजली असेल किंवा पुढे भिजली, तर तुझ्याबरोबर येते, स्वतःची बॅग स्वतः भरते.

मार्लीन खरंच गावात विचारून आली. एकही बी भिजली नव्हती. तिने गोंधळून जायफळ डब्यात परत ठेवलं आणि झेल्माने त्या रात्री दोनदा वाढून घेतलं.

गुरुवारी कथबर्ट मोतीबिंदू काढायला लिमोनच्या इस्पितळात गेला. शुक्रवारी लख्ख ऊन होतं. ओट्यावर सहा दिवस आंबवलेल्या बिया लालसर होऊन तडकत होत्या. जेवणाच्या आधी मार्लीन अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी तवा धुऊन ठेवलाय का गं?"

झेल्माने मान वर केली नाही. पोरगी आता आपलेच शब्द आपल्यावर टाकून बघतेय, तिला वाटलं. छप्पर ओढलं आणि पाऊस आला नाही, की लगेच म्हणेल, बघ.

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली आणि हळूच समोर बघितलं. पेटीकोट दोरीवर होता, वाऱ्यावर मजेत डुलत होता.

समोर व्हर्नाही आपल्या दारातून छपराकडे बघत होती. छप्पर मागेच होतं.

पाऊस आला तो बादली उपडी केल्यासारखा. झेल्मा धावली, मार्लीन धावली, पलीकडून व्हर्ना डोक्यावर परात धरून धावली. तिघींनी खांदा लावला. छपराने वाकड्या जागी उचकी दिली आणि ते तिथेच अडून बसलं. गावभर चादरी, शाळेचे गणवेश आणि पाद्रीसाहेबांचा एकुलता एक पांढरा सूट भिजत होता. क्रिकेटवाले म्हातारे पावसात उभे राहून छपराकडे असे बघत होते, जणू पंचाने चुकीचा निर्णय दिला आहे. अखेर तेच आले, आणि हिसड्यासरशी छप्पर पुढे गेलं. तोपर्यंत बिया ओट्यावर पोहत होत्या.

छपराखाली सगळे निथळत उभे राहिले. व्हर्ना आधी बोलली.

"मिस झेल्मा, तुम्ही ओढलं का नाही? मी तुमच्याकडे बघत बसले ना."

"मी तुझ्या पेटीकोटकडे बघत होते," झेल्मा म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुला नाक आहे ना."

"मला कुठलं नाक? कथबर्टचा गुडघा ठणकतो. तो सांगतो, मी कपडे काढते. गुडघा सध्या इस्पितळात आहे."

म्हाताऱ्यांपैकी एकाला हसू फुटलं आणि ते सगळ्यांना लागलं. दोन वर्षं अख्खं गाव एका माणसाच्या गुडघ्यावर कपडे काढत होतं. झेल्माही हसली, पण तिचे डोळे ओल्या बियांवर होते. हसणं थांबल्यावर ती घरात गेली आणि पलंगाखालून बॅग ओढून तिने ती भरायला घेतली. शब्द दिला होता.

मार्लीन दारात उभी राहून बघत होती. आईने आधी बायबल ठेवलं, मग नारळाची किसणी, मग किसणी काढून पुन्हा बायबल. मार्लीन म्हणाली, "तो तव्याचा वास. मी तुला फसवत नव्हते गं. मला खरंच आला."

झेल्मा हातात किसणी धरून थांबली. तिने लेकीच्या तोंडाकडे, नेमकं सांगायचं तर तिच्या नाकाकडे, असं बघितलं, जसं तिच्या जन्मानंतर पुन्हा बघितलं नव्हतं.

"तुझं नाक माझ्या आईवर गेलंय," ती म्हणाली. "राजधानीत काय करतेस त्याचं?"

मार्लीनला डिसेंबरात पेन्शन लागणार होती. शनिवारी दिवसभर दोघी बिया पालथ्या घालत त्यावरच भांडल्या, आणि बिया सुकत आल्या तेव्हा भांडणही सुकत आलं. ठरलं ते असं. गॅसचा सिलिंडर व्हर्नाकडे जाईल. झेल्मा अंगणातल्या चुलीवर रांधेल, जळलं तर दिसेल तरी. डिसेंबरपर्यंत कथबर्टच्या गुडघ्यावर भागवायचं. डिसेंबरात मार्लीन येईल.

"बघायला येईन," मार्लीन म्हणाली. "राहायला म्हटलं नाही मी."

"मी तरी कुठे म्हटलं?" झेल्मा म्हणाली आणि बॅगेतली किसणी पुन्हा खिळ्याला अडकवली.

रविवारी बसमध्ये दुसऱ्या सीटवर विलायती फणसांचं पोतं बसलं. वाहकाने कटकट केली, तेव्हा मार्लीनने त्याला पोत्याचं तिकीट दाखवलं. ऊन कडक होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. झेल्माच्या दारासमोरून बस हलली आणि मार्लीनने एकाएकी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, वारा हुंगला, दोन्ही हात बाहेर काढले आणि हवेतच काहीतरी जोर लावून ढकलत राहिली. बसमधले लोक तिच्याकडे बघू लागले.

दारात उभ्या झेल्माने ते बघितलं, मग कुणाकडे न बघता ती मागच्या अंगणात गेली आणि तिने छपराला खांदा लावला. चाकं करकरली, छप्पर वाकड्या जागी उचकी देऊन पुढे गेलं. समोर व्हर्नाने आभाळाकडे बघितलं, मग छपराकडे, आणि पेटीकोट काढला. मग पलीकडच्या दोरीवरची चादर उतरली, मग त्याच्या पलीकडची. देवळाच्या खिडक्या एकेक करून लागल्या.

पाऊस पाऊण तासाने आला.