गौरींचे तीन दिवस

बनारसच्या आमच्या प्रयोगशाळेत मराठी अशा दोघीच होतो, मी आणि ती. आम्ही बाटल्यांमध्ये रोगप्रतिकारक पेशी वाढवायचो. या पेशींना 'जगा, वाढा' असा निरोप देणारं एक प्रथिन लागतं. तो निरोप आला नाही की त्या मरतात. तिच्या पेशी कायम टवटवीत असायच्या, माझ्या मात्र मेल्या माना टाकायच्या. "इसके हाथ में जादू है," असं सर म्हणाले की माझं डोकं फिरायचं.

भाद्रपदात भोसले घाटाजवळ तिच्या घरी गौरी आल्या. आमच्याकडे गौरी नसतात, म्हणून तिने मलाच विचारलं, "तीन दिवस माझ्या पेशींना प्रथिन घालशील ना गं?"

मी हो म्हटलं आणि तिन्ही दिवस तिच्या बाटल्यांत नुसतं साधं पोषकद्रव घातलं. तिच्या वाटचं प्रथिन माझ्या बाटलीत गेलं.

चौथ्या दिवशी ती माझ्यासाठी पुरणपोळीचा डबा घेऊन आली. तिच्या सगळ्या पेशी मेल्या होत्या. "जाताना माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. मग तिने माझी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि जवळजवळ ओरडलीच, "अगं, तुझ्या जगल्या!"

तिला खरोखर आनंद झाला होता. तोही मला बघवला नाही.