आण्णांच्या कमरेचा सुरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं त्या दिवशी मला सरळ विचारलं होतं, "पेशंटजवळ काय हत्यार-बित्यार?" आणि मी म्हणालो होतो, "छे हो! सभ्य माणसांचं घर हाय हे."

सभ्य माणसं म्हणजे मी आणि माझे थोरले भाऊ, आण्णा. चुलतभावाशी बांधावरून भांडण झालं तेव्हापासून आण्णा शर्टाखाली कमरेला सुरा लावून फिरत. बारा वर्षं. मधल्या काळात चुलतभावाची बायपास झाली, त्याला आमचा जिनाही चढवेना. पण शत्रूला कमी लेखू नये, असं आण्णांचं मत. सुरा मीच केलेला, शिरोलीच्या कारखान्यात, जुनी कानस ग्राइंडरवर घासून. दर खंडेनवमीला तो कामावर न्यायचा, नव्यानं धार लावायची, लेथवर ठेवून हळदकुंकू वाहायचं. भावावर माया करायच्या एकेकाच्या तऱ्हा.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी आण्णांची साखर उतरली. अंग घामानं निथळतंय, ओळख कुणाचीच नाही, जवळ येईल त्याला ढकलतायत. रुग्णवाहिका आली. डॉक्टरबाई इंजेक्शन भरू लागल्या. ड्रायव्हर गारगोटीकडचा, माझ्याच वयाचा. त्यानं हत्याराचं विचारलं तेव्हा दारात अख्खी गल्ली उभी होती. गल्लीत आण्णांची अब्रू जाऊ नये, ही माझी काळजी. त्याच्या हाताची काळजी करायला तो होताच की.

"मग काय, उचला," म्हणत त्यानं आण्णांच्या कमरेत हात घातला. आण्णांचाही हात सवयीनं तिथंच गेला. सुरा बाहेर आला. ड्रायव्हरनं तो पात्यालाच धरला, कारण पलीकडं डॉक्टरबाईंची मान होती. धार उत्तम होती. माझं काम मी कधी कच्चं ठेवत नाही.

साखर चढल्यावर आण्णा उठून बसले आणि म्हणाले, "रगात कुणाचं रं एवढं?"

चौकीतून आलेल्या हवालदारांनी सुरा उलटासुलटा केला. मुठीवर ताजं कुंकू. "पूजा कुणी केली ही?"

"वहिनींनी केली असंल," मी म्हणालो. "आमाला काय ठाव."

वहिनींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि जबाबाखाली सही केली. आण्णा भानावर नव्हते म्हणून प्रकरण मिटलं. त्याआधी वहिनींना चौकीच्या तीन खेपा झाल्या. मला कामावरून सुट्टी मिळाली नाही. म्हणजे, मी मागितली नाही.

ड्रायव्हरची दोन बोटं आता मिटत नाहीत. स्टिअरिंग सुटलं, दवाखान्याच्या खिडकीत तो केसपेपर देतो. आण्णांना तपासणीला नेलं की डाव्या हातानं कागद सरकवत ओरडतो, "या पावणं! साखर काय म्हणती आण्णांची?" आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं मला म्हणतो, "तुमास्नी तरी त्या दिवशी काय म्हायती असणार की!"

मी मान डोलावतो. फार नम्र माणूस आहे मी.

सुरा होता आणि मला माहीत होतं, हे त्याला त्याच खिडकीशी, रांगेसमोर सांगायचं आहे. आणि चौकीत जाऊन वहिनींच्या जागी माझं नाव घालायचं आहे. दोन्ही राहिलंय.