खाम्फुईआजीची तालेओ

नाम ऊ नदीकाठच्या त्या गावात खाम्फुईआजीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. तालेओ विणण्यातही तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तालेओ म्हणजे बांबूच्या कामट्यांची चांदणी. पेरलेल्या शेतावर किंवा बाळंतिणीच्या दारावर ती टांगली, की भूत असो वा माणूस, आत पाऊल टाकत नाही.

शहरातल्या बुनथानने धबधब्यापाशी रिसॉर्ट बांधलं. एक दिवस आजीच्याच शेतातली तालेओ उपटून तो तिच्या दारात हजर झाला.

"आजी, अशा भरपूर विणून दे. फाटकावर लावतो. पाहुण्यांना इथला वारसा दिसेल."

"मेल्या, ती तिथे कशाला होती, ते विचारलंस कुणाला?"

"शोभेच्या वस्तूचं काय विचारायचं? विणतेस की नाही, ते सांग!"

आजीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "विणते की," ती म्हणाली.

उद्घाटनाच्या सकाळी फाटक तालेओंनी मढलं होतं. स्वयंपाकिणी, नावाडी, पाहुण्यांच्या मनगटाला दोरे बांधणारे म्हातारे, सगळे बाहेरच थबकले. बुनथान ओरडून ओरडून घसा कोरडा करत होता, पण कोणी जागचं हलेना.

"आजी, सांग ना यांना! आत या म्हणावं!"

आजी पानाची पिंक टाकून म्हणाली, "येऊ नका असं तूच टांगलंयस. तालेओ दिसत असताना आत घुसायचं, हा वारसा तुझा. आमच्यात तसं करत नाहीत."