हत्तीचा मागचा भाग

आमच्या घरातला हत्ती मी मधोमध कापला, आणि तोही ऑफिसच्या वेळेत.

आखातात, सालमियातल्या आमच्या दोन खोल्यांत तो एका चित्रांच्या पुस्तकात राहायचा. दर सुट्टीत नाशिकहून परतताना माझी बायको वैशाली बॅगेतलं लोणचं काढून त्या जागी मराठी पुस्तकं भरायची. (लोणच्याचं दुःख मी अजून विसरलेलो नाही.) पाच वर्षांची सई दिवसभर आम्हाला इंग्रजीत उत्तरं द्यायची. मराठी बोलायची ती फक्त संध्याकाळी, आईच्या मांडीवर बसून, त्या हत्तीशी. "हत्तीदादा, अंघोळ केली का?" असं चित्राला विचारायची आणि त्याच्या वतीने आपणच "नाही" म्हणायची.

तेवढ्यात घरात कॉम्प्युटर आला आणि माझ्या अंगात डिजिटल युग संचारलं.

"पुस्तकं नुसती धूळ खातात. सगळी एका सीडीत बसवतो," मी म्हणालो.

"अहो, सीडी मांडीवर घेऊन वाचायची कशी?"

"तू ना, जुन्या काळातच राहणार!"

तेल कंपनीत माझं काम ड्रॉइंग्ज स्कॅन करून साठवायचं. तिथल्या मशीनला सुटे कागद लागतात, म्हणून मी पुस्तकांच्या शिवणी कटरने उडवल्या. प्रत्येक पानाला रीतसर ड्रॉइंग नंबर दिला. स्कॅन झालं की जुना कागद श्रेडरमध्ये घालून त्याच्या पट्ट्या करायच्या, ही आमच्या खात्याची शिस्त. मी शिस्तीने वागलो.

घरी थाटात सीडी लावली. हत्ती दोन पानांवर पसरलेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पडद्यावर सोंड आली, कान आले आणि पोट अर्ध्यात संपलं.

"बाबा, व्हेअर इज द बॅक?"

"पुढच्या फाइलमध्ये."

पुढच्या फाइलमध्ये शेपूट आलं, पण तोवर सोंड गेलेली. सईने भोकाड पसरलं.

"तिचं पुस्तक द्या बघू आधी," वैशाली म्हणाली. मी श्रेडरचं सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हत्तीचे दोन्ही भाग छापून चिकटपट्टीने जोडले. प्रिंटर काळा-पांढरा, त्यातून मागचा भाग पुढच्यापेक्षा मोठा आला. सईने तो निरखून पाहिला.

"दॅट्स टू एलिफंट्स," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरवर मोटारींचा खेळ लावून बसली. तो तिचा तिलाच सापडला होता. त्या संध्याकाळी आईची मांडी रिकामी राहिली, आणि मग रोजच. मला फार वाईट वाटलं, पण ते कुणाला सांगायला तोंड नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मी नाशिकची दुकानं पालथी घातली. अगदी तेच पुस्तक मिळालं! सईने दोन पानं उलटली आणि परत दिलं.

"आय ॲम नॉट अ बेबी, बाबा."

वैशालीने त्या वर्षी बॅगेत लोणचं भरलं. मला ते गोड लागलं नाही.

आता सई फोनवर आजीशी "हाय" आणि "फाइन" एवढंच बोलते. सीडी मी बाल्कनीत दोऱ्याला टांगली आहे, तिच्या चकाकीने कबुतरं पळतात असं ऐकलं होतं म्हणून. ती पळत नाहीत. रोज संध्याकाळी कठड्यावर रांगेने बसतात आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहतात. माझ्या मराठी ग्रंथालयाला आता एवढाच वाचकवर्ग उरलाय, आणि तोही जाताना घाण करून जातो.