वरून टाका

माझ्या नवऱ्याची राख पुरायला मी खड्डा खणू दिला नाही.

आज त्याला वर्ष झालं. तेव्हा नेमकं काय झालं ते आता मीच सांगते, कारण अर्ध्या पिंगळी गावाचं आपापल्या परीने सांगून झालंय.

आपल्याकडे हल्ली राख नदीत न सोडता शेतातच खड्डा करून पुरतात. वर आंब्याचं रोप लावतात. चांगली पद्धत आहे.

पण आमच्या रानात खड्डा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे, माधवराव, मोबाईलवर शेतीचा शो करायचे, 'नांगराला सुट्टी'. नांगरायचं नाही, वखरायचं नाही. मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि वर वाळलेल्या काडाचं पांघरूण घालायचं. ते बोलायचे, मी मोबाईल धरायचे.

व्हिडिओ हलायचा, कारण मला हसू आवरायचं नाही. एकाने कमेंट केली, "भाऊ, माहिती लय भारी, पण कॅमेरामन काढून टाका."

पुढच्या एपिसोडमध्ये हे म्हणाले, "कॅमेरामनसंगंच लगीन झालंय. आता कुठं काढू?"

आधी शोचं नाव 'नो टिल शेती', म्हणजे बिननांगरटीची शेती, असं होतं. मग बोरीहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "सायेब, तिळाचं काय बिघडलं? आमी तर पेरून बसलाव!"

त्याच दिवशी नाव बदललं.

दर एपिसोडमध्ये यांनी काड बाजूला करून मूठभर माती उचलायची आणि कॅमेऱ्यासमोर धरून म्हणायचं, "वास घ्या."

"अहो, मोबाईलमधून वास येतो का?"

"तुला यायलाय ना? मग सांग त्यांला."

आणि मी कॅमेऱ्यामागून सांगायचे. काय सांगणार? छान येतोय म्हणायचे.

शेणखत असो की पालापाचोळा, शेवट ठरलेला. "वरून टाका. खाली न्यायला कामगार हायती आपल्याकडं."

कामगार म्हणजे गांडुळं.

माझे थोरले दीर, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, त्यांचं रान शेजारीच. दर उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून नांगरलेलं. आमच्या रानाला ते पडीक म्हणायचे. शोबद्दल विचारलं की, "मी न्हाई बगत तसलं काई."

माधवराव अचानक गेले. छातीत कळ आली आणि गाडी परभणीत शिरेपर्यंत सगळं संपलं होतं.

राख सावडून आणली, तेव्हा भाऊ कुदळ घेऊन बांधावर उभे होते.

मी म्हणाले, "भाऊ, खड्डा नको."

त्यांच्यासमोर मी आजवर कधी मान वर करून बोलले नव्हते.

"नको म्हंजे?"

"यांच्या रानात कुदळ नको."

"मंग त्याला ठिवायचं कुठं? उगड्यावर? माजा भाऊ हाय गं तो!" त्यांचा आवाज फाटला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई."

माझं बरोबर आहे हे कसं पटवून द्यावं, कळेना. एकच वाक्य सुचलं.

"वरून टाका..." म्हणाले, आणि पुढचं तोंडातून निघेना. रडूच फुटलं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"खाली न्यायला कामगार हायती आपल्याकडं."

शब्दन् शब्द. अगदी यांच्या चालीत.

त्यांनी कुदळ बांधावर ठेवली. काड बाजूला केलं, राख पसरली आणि आपल्या हातांनी परत पांघरूण घातलं. झोपलेल्या लेकराला घालतात तसं.

परत येताना मी विचारलं, "भाऊ, तुम्ही बघत होता?"

"एकेक भाग दोन-दोन डाव," ते म्हणाले. "त्याला नको सांगू."

आता कुणाला सांगणार होते मी?

आज सकाळी आम्ही दोघं त्या जागी गेलो. भाऊंनी काड उचललं.

राख कुठेच नव्हती. काळी, भुसभुशीत माती, आणि तिच्यावर गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या.

भाऊ खाली बसले. मातीवर तळहात ठेवून म्हणाले, "गेला की गं खाली."

मी मूठभर माती उचलली. नाकाशी धरली.

माधवराव, वास येतोय हो.

छान येतोय. सगळ्यांना सांगितलं.

निवांत राहा आता.

तुमची कॅमेरामन