दिवाळीनंतर रुजू झालेल्या बाई

संपावर बसूनही वह्या तपासणाऱ्या शिक्षिका मी एकच पाहिल्या. आमच्या भाईंदरच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. जुन्या पेन्शनसाठी बाकीचे घोषणा देत होते आणि बाई मांडीवर निबंधांचा गठ्ठा घेऊन लाल पेन चालवत होत्या. कुणी हटकलंच तर म्हणाल्या, "संप माझा हाय, पोरांचा न्हाय."

माहेर राई गावातलं, मिठागरवाल्यांचं. वर्गात शुद्ध मराठी, स्टाफरूममध्ये गावची. शेअर बाजार पडल्याचं कळलं की चहा ढवळत म्हणायच्या, "माझं म्हातारपण आज परत खाली गेलं." आम्ही हसायचो. आम्हा जुनीवाल्यांना हसायला काय जात होतं? आम्हाला पगाराच्या निम्मं मरेपर्यंत मिळणार. बाई नवीवाल्या, पगारातून कापलेले पैसे बाजारात, शेवटी हातात येईल ते खरं. विम्याचे एजंट "मॅडम, दूसरा प्लान है" म्हणत यायचे. "पयल्याचं काय होतं ते तर बघू दे," म्हणून बाई त्यांना चहा पाजून परत पाठवायच्या.

बाई नवीवाल्या झाल्या त्या माझ्यामुळे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेचा क्लार्क मीच. नेमणुकीचा आदेश घेऊन त्या आल्या, तो दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. हजेरीचं मस्टर कपाटात ठेवून मी कुलूप लावलं होतं. "आता सुट्टीच लागतेय, दिवाळीनंतर या," म्हणालो. सुट्टी संपायच्या आत सरकारचा नियम आला: एक नोव्हेंबरपासून जो लागेल त्याला नवी. बाईंना वाटत राहिलं, त्या दिवशी रुजू होताच येत नव्हतं.

यंदा बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोप समारंभातून त्या पाणी प्यायला बाहेर आल्या, तेव्हा जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. "बाई, तुम्हाला रुजू होता येत होतं. मला कपाट परत उघडायचा कंटाळा आला."

बाईंनी हातातला ग्लास कठड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं नशिबाला शिव्या घातल्या, भाऊ. तुमच्या वाट्याच्या होत्या त्या." आणि विचारलं, "जुनीसाठी संघटनेची केस चालू हाय. ह्ये वकिलासमोर बोलाल?"

माझी नोकरी अजून शिल्लक आहे. चौकशी लागली तर माझीही पेन्शन अडकेल.

"बोलतो," म्हणालो.

त्यांनी खांद्यावरची शाल काढून माझ्या हातात दिली आणि जिना उतरायला लागल्या.

"बाई, आत मुख्याध्यापक तुमच्यावरच बोलतायत अजून."

"बोलू दे. त्यांना जुनी हाय."